हरित ठेव आणि बँकेची उरलेली कर्जवही

ऑक्टोबर २०२५ च्या सुरुवातीला जगभरातल्या बँकांची एक मोठी आघाडी गुंडाळली गेली. तिचं नाव ‘नेट झिरो बँकिंग अलायन्स’. एप्रिल २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं ४३ बँका एकत्र आल्या होत्या. आपण दिलेल्या कर्जांतून होणारं निव्वळ कार्बन उत्सर्जन २०५० पर्यंत शून्यावर आणू, असा शब्द त्यांनी दिला होता. पुढे सभासद शंभराच्या वर गेले. मग डिसेंबर २०२४ मध्ये गोल्डमन सॅक्स बाहेर पडली आणि महिन्याभरात सिटी, बँक ऑफ अमेरिका, मॉर्गन स्टॅन्ली, जेपी मॉर्गन ही अमेरिकेतली मोठी नावंही गेली. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये एचएसबीसी, बार्कलेज, यूबीएस यांनी तीच वाट धरली आणि उरलेल्यांनी मतदान घेऊन कामकाज थांबवलं.

आपल्याकडे मात्र त्याच सुमारास उलटं चित्र दिसत होतं. बँका ‘हरित मुदत ठेव’ विकत होत्या, म्युच्युअल फंडांच्या यादीत ‘ईएसजी’ नावाच्या योजना होत्या. पिंपरी-चिंचवड महापालिकेनं २०२५ मध्ये २०० कोटी रुपयांचे हरित रोखे काढले. वाचणाऱ्याचा गोंधळ होणं साहजिक आहे. हे प्रकरण संपत चाललंय की आत्ता कुठे सुरू होतंय?

या विषयावरची बहुतेक चर्चा हरित शिक्का असलेल्या पैशाभोवती फिरते: किती रोखे विकले, किती ठेवी आल्या. मला वाटतं, खरा प्रश्न शिक्का नसलेल्या पैशाचा आहे. बँकेच्या एकूण कर्जांत हरित कर्जाचा वाटा लहान असतो. हवामानाचं नुकसान होणार आहे ते उरलेल्या कर्जवहीत, आणि त्या वहीचा हवामानाच्या अंगानं हिशेब आपल्याकडे अजून नीट कुणी मागितलेला नाही.

आधी चार शब्द समजून घेऊ

शाश्वत वित्त म्हणजे पैसा देताना परतफेडीबरोबरच त्याचा पर्यावरणावर आणि समाजावर काय परिणाम होईल हेही पाहणं. त्यातला हवामानाशी जोडलेला भाग हा आजचा विषय.

हरित रोखे हे साधे कर्जरोखेच असतात. सरकार, महापालिका किंवा कंपनी लोकांकडून पैसे उसने घेते, ठरलेलं व्याज देते, मुदतीनंतर मुद्दल परत करते. फरक इतकाच की हा पैसा सौरऊर्जा, मेट्रो, सांडपाणी शुद्धीकरण अशा ठरावीक कामांनाच लावू, असं वचन त्यासोबत असतं. भारतात असे रोखे पहिल्यांदा काढले येस बँकेनं, फेब्रुवारी २०१५ मध्ये. हरित ठेव म्हणजे हेच वचन मुदत ठेवीला जोडलेलं.

ईएसजी म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार या तीन कसोट्या. आणि ग्रीनवॉशिंग म्हणजे काम फारसं न करता हिरवेपणाचा दावा करणं. एवढ्या शब्दांवर पुढचं सगळं समजतं.

ठेवीदाराला कमी व्याज कशासाठी?

रिझर्व्ह बँकेनं ११ एप्रिल २०२३ ला हरित ठेवींची चौकट जाहीर केली आणि १ जूनपासून ती लागू झाली. नियम चांगले आहेत, हे आधी सांगायला हवं. पैसा कुठे लावायचा ती क्षेत्रं ठरवून दिली आहेत: अक्षय ऊर्जा, ऊर्जाबचत, स्वच्छ वाहतूक, पाणी आणि कचरा व्यवस्थापन, हवामान बदलाशी जुळवून घेण्याची कामं वगैरे. कोळसा-तेल, अणुऊर्जा, कचरा थेट जाळणं, २५ मेगावॅटहून मोठे जलविद्युत प्रकल्प यांना हा पैसा देता येत नाही. पैसा खरोखर तिथेच गेला का, याची दरवर्षी बाहेरच्या संस्थेकडून तपासणी करावी लागते. इतर ठेवींसारखंच ठेव विम्याचं संरक्षण आहे. म्हणजे ठेवीदाराचं मुद्दल सौर प्रकल्पाच्या भवितव्यावर अवलंबून नसतं. प्रकल्प बुडाला तरी बँकेला ठेव परत करावीच लागते.

अडचण व्याजात आहे. स्टेट बँकेनं जानेवारी २०२४ मध्ये ११११, १७७७ आणि २२२२ दिवसांच्या हरित ठेवी आणल्या, तेव्हा त्यांवरचा व्याजदर नेहमीच्या ठेवीपेक्षा ०.१० टक्क्यानं कमी होता. लाख रुपयांवर वर्षाला शंभर रुपये. रक्कम मोठी नाही, पण प्रश्न उरतोच. पर्यावरणासाठी झळ सोसायची ती सगळ्यात छोट्या माणसानं का?

बँकेचीही बाजू आहे. वेगळा हिशेब ठेवा, प्रकल्प निवडा, तपासनीस नेमा, परिणामांचा अहवाल लिहा, याला खर्च येतो. म्हणून स्टेट बँकेनं रिझर्व्ह बँकेकडे सवलत मागितली होती. बँकांना ठेवींचा काही हिस्सा बिनव्याजी रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो, त्याला सीआरआर म्हणतात. हरित ठेवींवर तो कमी करा, म्हणजे आमचा खर्च भरून निघेल, असं ते म्हणणं होतं. ही मागणी मला पूर्ण पटत नाही. ठेवींच्या सुरक्षिततेसाठी असलेला नियम पर्यावरणाच्या नावानं सैल करणं म्हणजे एका जोखमीवर उपाय म्हणून दुसरी वाढवणं. पण खर्च कुणीतरी उचलायला हवा, हे खरंच आहे.

सरकारच्या हरित रोख्यांतही व्याजाचीच ओढाताण दिसली. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रानं पहिले सार्वभौम हरित रोखे विकले, तेव्हा नेहमीच्या सरकारी रोख्यांपेक्षा ०.०५ टक्क्याच्या आसपास स्वस्तात पैसा मिळाला. हिरव्या नावामुळे व्याजात मिळणाऱ्या या सवलतीला बाजारात ‘ग्रीनियम’ म्हणतात. पुढे तीही आटली. २०२४ मध्ये एका लिलावात गुंतवणूकदारांनी इतकं जास्त व्याज मागितलं की रिझर्व्ह बँकेनं एकही बोली स्वीकारली नाही. विमा कंपनी किंवा भविष्य निर्वाह निधीकडे लोकांच्या म्हातारपणाचे पैसे असतात. कमी व्याज घ्या, असं त्यांना कुणी कसं सांगणार?

पैसा एकाच पेटीत जातो

आता सगळ्यात अवघड गाठ.

गावातल्या मंडळानं वाचनालयासाठी म्हणून वर्गणी गोळा केली, असं समजा. तुम्ही पाचशे रुपये दिले, पावतीवर ‘वाचनालय’ लिहिलं गेलं, पुस्तकंही आली. पण मंडळ तसंही त्या वर्षी वाचनालयावर खर्च करणारच होतं, त्यासाठी पैसे बाजूला काढलेले होते. तुमच्या वर्गणीमुळे ते पैसे मोकळे झाले आणि डीजेला गेले. पावती खरी आहे, पुस्तकं खरी आहेत, तुमच्याशी कुणी खोटं बोललेलं नाही. तरीही तुमच्या पैशानं नक्की काय वाढलं? पुस्तकं की डीजे?

बँकेचं तसंच आहे. ज्या सौर प्रकल्पाला तिनं कर्ज दिलंच असतं, त्याच कर्जावर हरित ठेवीचा शिक्का मारला तर कागदोपत्री सगळं चोख असतं आणि जगात काहीच बदललेलं नसतं. आपल्या पैशामुळे नव्यानं काय घडलं, ते पैशाविना घडलं असतं का, हा प्रश्न तपासनीसाच्या कामात बसत नाही. पैसा पात्र प्रकल्पाला गेला की नाही, एवढंच तो पाहतो.

याचं भारतातलं ठळक उदाहरण २०२० चं आहे. ऑस्ट्रेलियातल्या अदानी समूहाच्या कारमायकल कोळसा खाणीला स्टेट बँक कर्ज देणार, अशा बातम्या आल्या. सुमारे ५,००० कोटी रुपयांचा आकडा चर्चेत होता. युरोपातली मोठी गुंतवणूक संस्था अमुंडी हिच्याकडे स्टेट बँकेचे हरित रोखे होते. तिनं जाहीरपणे इशारा दिला की हे कर्ज दिलंत तर आम्ही तुमचे हरित रोखे विकून टाकू. खाणीत त्या रोख्यांचा एक रुपयाही जाणार नव्हता. तरीही एका हातानं सौरऊर्जेसाठी पैसे घेणारी बँक दुसऱ्या हातानं नवी कोळसा खाण उघडायला मदत करणार असेल, तर आमच्या रोख्यांना अर्थ काय, असा तिचा सवाल होता.

मला तो रास्त वाटतो. हरित रोख्याची चौकट एका प्रकल्पाकडे पाहते आणि हवेत जाणारा कार्बन सगळ्या कर्जांतून येतो. या दोन्हींत जी फट आहे, तीत ग्रीनवॉशिंग वाढतं. त्यासाठी प्रत्येक वेळी कुणाची लबाडीच लागते, असं नाही.

हिरवं कोण ठरवणार?

मे २०२२ मध्ये ‘एस अँड पी ५००’ या अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या यादीवर आधारलेल्या ईएसजी निर्देशांकातून टेस्ला ही विजेवर चालणाऱ्या मोटारी बनवणारी कंपनी वगळली गेली आणि एक्झॉन ही तेलकंपनी मात्र राहिली. लोक थक्क झाले. कारण साधं होतं. टेस्लाच्या कारखान्यातल्या वंशभेदाच्या तक्रारी आणि अपघातांच्या चौकशीला सामोरं जाण्याची तिची पद्धत यांमुळे गुण घटले होते. शिवाय प्रत्येक कंपनीची तुलना तिच्याच क्षेत्रातल्या इतरांशी होत होती. म्हणजे एक्झॉन इतर तेलकंपन्यांच्या तुलनेत ठीक ठरली. पण ‘ईएसजी’ म्हणजे ‘हवामानाला चांगलं’ अशी समजूत करून घेतलेल्या गुंतवणूकदाराला हे कुणी सांगितलेलंच नव्हतं.

गुण देणाऱ्या संस्थांचंही आपसात जमत नाही. सहा मोठ्या संस्थांच्या गुणांची तुलना केलेल्या एका गाजलेल्या अभ्यासात त्यांची एकमेकांशी जुळणी सरासरी ०.५४ निघाली. पूर्ण जुळलं तर १, काहीच संबंध नसेल तर शून्य. कर्ज फेडण्याची कुवत मोजणाऱ्या पतमानांकन संस्थांची जुळणी याच मापावर एकच्या अगदी जवळ जाते. पतमानांकनाला एकच प्रश्न असतो, पैसे परत येतील का? ईएसजीत कामगार, पाणी, कार्बन, संचालक मंडळ असं सगळं एका आकड्यात कोंबलेलं असतं. माझ्या मते हा आकडा निरुपयोगी आहे. कार्बन वेगळा सांगा, कामगारांचं वेगळं सांगा, वाचणारा ठरवेल.

सरकारी व्याख्या हा त्यावरचा एक उपाय. कुठला उद्योग कुठल्या अटींवर हवामानपूरक मानायचा, याची अधिकृत वर्गवारी, म्हणजे टॅक्सॉनॉमी. युरोपनं २०२० मध्ये कायदा केला आणि दोनच वर्षांत नैसर्गिक वायू आणि अणुऊर्जेला अटींसह त्यात जागा दिली. त्यावरून मोठं वादळ उठलं. भारतानं जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात वर्गवारीची घोषणा केली आणि मे २०२५ मध्ये तिच्या चौकटीचा मसुदा आणला. त्यात एक समंजस विचार आहे. थेट हवामानपूरक कामांबरोबर ‘संक्रमणा’तली कामंही वेगळी ओळखली आहेत. पोलाद आणि सिमेंटचे कारखाने उद्या सकाळी स्वच्छ होऊ शकत नाहीत, पण टनामागे होणारा धूर कमी करू शकतात आणि त्यासाठी त्यांना कर्ज लागणारच. देशाला ते कर्ज मिळायला हवं आहे. शिक्क्याच्या दुनियेत मात्र ते मिळणं सगळ्यात कठीण, कारण ज्याच्या धुराड्यातून धूर निघतो त्याला हरित कर्ज दिलं, हा मथळा कुठल्याच बँकेला नको असतो.

मोजायचं कसं?

बँकेचं स्वतःचं उत्सर्जन किरकोळ असतं. एसी, दिवे, एटीएम, साहेबांचा विमानप्रवास. तिच्या कर्जावर चालणाऱ्या कारखान्यांचं उत्सर्जन हा खरा आकडा. सीडीपी या संस्थेनं २०२१ मध्ये जगभरातल्या वित्तसंस्थांची माहिती तपासली, तेव्हा कर्ज आणि गुंतवणुकीतून होणारं उत्सर्जन थेट उत्सर्जनाच्या सरासरी ७०० पट निघालं. शाखेच्या छतावर सौर पॅनल बसवल्याचा फोटो अहवालात असेल आणि कर्जांतल्या उत्सर्जनाचा आकडा नसेल, तर त्या अहवालाला किती महत्त्व द्यायचं ते यावरून कळेल.

पण तो आकडा काढायचा कसा? कोल्हापूरचे ओतकाम कारखाने डोळ्यांसमोर आणा. शिरोलीसारख्या औद्योगिक वसाहतीत शेकडो फाउंड्री आहेत. कोणी कोळशाच्या भट्टीवर, कोणी विजेच्या. मालकाला वीजबिल माहीत असतं, टनाचा भाव माहीत असतो, बँकेचा हप्ता तर पाठच असतो. कार्बन किती, हे त्याला आजवर कुणी विचारलेलं नाही आणि विचारलं तर मोजून द्यायला त्याच्याकडे माणूस नाही. बँक मग अंदाज बांधते: या क्षेत्रात रुपयामागे सरासरी इतका धूर, तुमचं कर्ज इतकं, म्हणून तुमचा धूर इतका. यात खर्च करून विजेची भट्टी बसवणारा आणि जुनीच भट्टी रेटणारा दोघं सारखेच दिसतात. चांगलं काम करणाऱ्याला स्वस्त कर्ज द्यायचं तर तो आधी वेगळा दिसायला हवा.

शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीनं बाजारातल्या वरच्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि समाजविषयक अहवाल बंधनकारक केला. बीआरएसआर हे त्याचं नाव. त्यातले महत्त्वाचे आकडे बाहेरच्या तज्ज्ञाकडून पडताळून घेण्याची अट टप्प्याटप्प्यानं आणली. चांगलं पाऊल आहे. पण ओतकाम कारखाना शेअर बाजारात नसतो आणि महाराष्ट्रातल्या उद्योगांची संख्येनं बहुतेक कर्जं अशाच माणसांची आहेत.

मोजमाप नसलं की शब्द सैल सुटतात. डॉइश बँकेची गुंतवणूक कंपनी डीडब्ल्यूएस याचं उदाहरण. आम्ही गुंतवणुकीच्या प्रत्येक निर्णयात ईएसजी पाहतो, असं ती सांगत होती. तिच्याच शाश्वतता विभागाच्या माजी प्रमुखानं २०२१ मध्ये त्यावर बोट ठेवलं. मे २०२२ मध्ये फ्रँकफर्टमध्ये छापे पडले, २०२३ मध्ये अमेरिकेच्या नियामकानं १.९ कोटी डॉलर आणि एप्रिल २०२५ मध्ये जर्मन सरकारी वकिलांनी २.५ कोटी युरो दंड ठोठावला. तेव्हापासून अनेक फंड आपल्या नावातून हिरवे शब्द काढून टाकू लागले आहेत. मला हे वाईट वाटत नाही. खोटा दावा करण्यापेक्षा दावाच न केलेला बरा.

चांगला प्रकल्पही अडतो तो कुठे?

बँकेकडे ठेवी येतात एक-तीन वर्षांच्या आणि सौर प्रकल्पाला कर्ज हवं असतं पंधरा-वीस वर्षांचं. मुदतीचा मेळ न बसणं हे जुनंच दुखणं. दुसरी अडचण म्हणजे वीज घेणारा. करार पंचवीस वर्षांचा असतो आणि ग्राहक असते बहुधा सरकारी वीज वितरण कंपनी, जिची स्वतःचीच थकबाकी मोठी असते. २०१९ मध्ये आंध्र प्रदेशात सरकार बदललं आणि नव्या सरकारनं आधीचे पवन आणि सौर विजेचे करार महाग आहेत म्हणून दर कमी करायला घेतले. प्रकरण न्यायालयात गेलं, पैसे अडकले. कर्ज मंजूर करणारा अधिकारी ते विसरत नाही. सूर्य रोज उगवतो हे त्याला मान्य असतं, बिल दरमहा भरलं जाईल याची खात्री त्याला हवी असते.

छतावरच्या सौरऊर्जेत गाडी त्यामानानं सुरळीत चालली आहे. पीएम सूर्यघर योजनेत घराला कमाल ७८,००० रुपयांचं अनुदान मिळतं, आणि घरगुती अक्षय ऊर्जेची १० लाखांपर्यंतची कर्जं बँकेच्या अग्रक्रम क्षेत्रात, म्हणजे जिथे कर्जांचा ठरावीक हिस्सा द्यावाच लागतो त्या क्षेत्रात, मोजली जातात.

कर्जवहीत आधीच बसलेलं हवामान

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

हवामानाची जोखीम बँकेला दोन वाटांनी गाठते. एक म्हणजे पूर, दुष्काळ, उष्णतेची लाट: तारण किंवा उत्पन्नच नष्ट होतं. दुसरी, धोरण आणि बाजार बदलल्यानं: आज कर्ज घेऊन बांधलेला कोळशाचा प्रकल्प पंधरा वर्षांनी चालवणंच परवडेनासं होतं. परदेशात दुसऱ्या वाटेची चर्चा जास्त. आपल्याकडे पहिली वाट रोजच्या व्यवहारात आहे, फक्त तिला आपण हवामान जोखीम म्हणत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूर पट्ट्यात अतिवृष्टी झाली. उभं सोयाबीन पाण्यात गेलं, कित्येक ठिकाणी मातीच वाहून गेली. त्या पिकावर पीककर्ज होतं. अशा वेळी काय होतं ते सगळ्या गावाला पाठ आहे: पंचनामे, पैसेवारी, मदतीची घोषणा, आणि बँकेत कर्जाचं पुनर्गठन. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर अल्पमुदतीचं पीककर्ज मध्यम मुदतीचं करता येतं आणि वर नवं पीककर्जही देता येतं. शेतकऱ्यासाठी हे अत्यावश्यक आहे, यात दुमत नको. पण हिशेबाच्या बाजूनं पाहा. पुनर्गठित झालेलं कर्ज थकीत दिसत नाही. वही स्वच्छ राहते. दोन-तीन वर्षांनी पुन्हा गारपीट किंवा पावसाचा खंड, पुन्हा तेच. प्रत्येक वेळी नोंद होते ‘नैसर्गिक आपत्ती’ अशी, जणू ती अचानक, एकदाच आली. एकाच तालुक्यात दहा वर्षांत कितीदा पुनर्गठन झालं, याची बेरीज मांडली तर हवामान जोखमीचा नकाशा तयार होईल. ती माहिती शाखाशाखांत पडून आहे.

रिझर्व्ह बँकेला हे कळतं. एप्रिल २०२१ मध्ये ती हवामान जोखमीवर काम करणाऱ्या मध्यवर्ती बँकांच्या जागतिक गटात सामील झाली, जुलै २०२२ मध्ये चर्चापत्र काढलं आणि २८ फेब्रुवारी २०२४ ला हवामानविषयक वित्तीय जोखीम जाहीर करण्याच्या नियमांचा मसुदा आणला. बँकेचं संचालक मंडळ ही जोखीम कशी पाहतं, कर्ज देताना तिचा विचार होतो का, आणि पुढच्या टप्प्यात आकडे किती, हे सांगण्याची अपेक्षा त्यात आहे.

मसुदा कुणाला लागू होणार ती यादी मात्र बारकाईनं वाचण्यासारखी आहे. व्यापारी बँका, नाबार्डसारख्या अखिल भारतीय संस्था, मोठ्या बिगर-बँक वित्त कंपन्या आणि दहा हजार कोटींवर ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँका. म्हणजे आपल्याकडच्या सारस्वत आणि कॉसमॉस त्यात येतात. प्रादेशिक ग्रामीण बँका वगळल्या आहेत आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका यादीतच नाहीत. लहान संस्थांवर कागदपत्रांचं ओझं टाकू नये हा हेतू समजण्यासारखा आहे. पण विकास सोसायट्यांमार्फत कोरडवाहू शेतकऱ्याला पीककर्ज देतात त्या याच जिल्हा बँका. अवकाळीचा फटका सगळ्यात थेट बसतो त्या वहीलाच हिशेबातून सूट मिळाली आहे. त्यांना शंभर पानी अहवाल लिहायला लावू नका, पण तालुकावार पुनर्गठनाचा एक तक्ता दरवर्षी छापायला काय हरकत आहे? तो मांडायला ना सल्लागार लागतो, ना परदेशी सॉफ्टवेअर.

आणखी एक विषमता इथेच आहे. सौर प्रकल्प वीज विकून कर्ज फेडतो. बांधबंदिस्ती, पाण्याचा निचरा, शेततळं, तग धरणारं बियाणं यांतून नुकसान टळतं, पण टळलेल्या नुकसानीचं बिल कुणाला पाठवता येत नाही. म्हणून खासगी हरित पैसा तिकडे फिरकत नाही. विदर्भ-मराठवाडा आणि जळगाव मिळून पंधरा जिल्ह्यांत २०१८ पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी जागतिक बँकेकडून ४२ कोटी डॉलरचं कर्ज राज्य सरकारच्या नावावर घ्यावं लागलं. बाजारातल्या हरित रोख्यांवर तो उभा राहिला नसता.

‘हे श्रीमंत देशांचं खूळ आहे’

हा आक्षेप गंभीर आहे आणि निम्मा बरोबरही आहे. भारतात माणशी वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत चौदा टनांच्या आसपास. अझरबैजानमधल्या बाकूत झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत नोव्हेंबर २०२४ मध्ये विकसित देशांनी विकसनशील देशांना २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर देण्याचं ठरवलं, तेव्हा भारतानं तिथेच ते नाकारलं. गरज कित्येक पटींनी जास्त आहे. ज्यांनी धूर केला त्यांनीच हात आखडता घ्यायचा आणि वर त्यांच्या बँकांनी आघाडीही मोडायची, याचा राग येणं योग्यच आहे.

चंद्रपूरचं उदाहरण घेऊ. २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र, भोवती वेकोली या सरकारी कंपनीच्या कोळसा खाणी, आणि त्यांवर उभं असलेलं सगळं: कंत्राटी कामगार, ट्रक, चहाच्या टपऱ्या. उद्या सगळ्या बँकांनी कोळशाला कर्ज बंद केलं तर किंमत हे शहर मोजेल, न्यूयॉर्कमधला फंड व्यवस्थापक नाही. कर्ज बंद करण्याची घोषणा सोपी असते. पुढच्या वीस वर्षांत चंद्रपूरनं काय करावं, त्याला भांडवल कोण देणार, हे ठरवणं अवघड आहे, आणि आज त्यासाठी कुठलंही हरित उत्पादन बाजारात नाही.

आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग मात्र चूक आहे. उत्सर्जन कुणी केलं हा न्यायाचा प्रश्न झाला. नुकसान कुणाच्या वहीत पडणार हा हिशेबाचा. दुसऱ्याचं उत्तर न्याय मिळेपर्यंत थांबत नाही. रिझर्व्ह बँकेच्याच एका अहवालानुसार २०३० पर्यंत देशाला दरवर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या किमान अडीच टक्के हरित वित्त लागेल. ते मुख्यतः इथल्याच बचतीतून, म्हणजे ठेवींतून येणार आहे.

मग हरित ठेव ठेवावी का?

व्याज तेवढंच मिळत असेल तर अवश्य ठेवा. कमी मिळत असेल तर शाखेत विचारा की हा पैसा नव्या कर्जांना गेला की आधीच दिलेल्या कर्जांवर शिक्का मारला. तपासणी अहवाल बँकेनं संकेतस्थळावर द्यायचा असतो, तो उघडून पाहा. ईएसजी फंड घेताना योजनेच्या पहिल्या दहा कंपन्या पाहा. त्या साध्या निर्देशांक फंडातल्याच (शेअर बाजाराच्या निर्देशांकाची नक्कल करणाऱ्या फंडातल्याच) असतील आणि खर्चाचं प्रमाण मात्र जास्त असेल, तर त्या जादा खर्चातून वेगळं काय मिळतंय ते विचारा.

आणि तुम्ही सहकारी बँकेचे सभासद असाल तर तुमच्या हातात ठेवीदारापेक्षा जास्त आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत एनपीए (थकीत कर्जं) किती, लाभांश किती, हे विचारलं जातंच. त्याच्या जोडीला, गेल्या पाच वर्षांत नैसर्गिक आपत्तीमुळे किती कर्जांचं पुनर्गठन झालं, कुठल्या तालुक्यांत, आणि त्यातली किती दुसऱ्यांदा, हेही विचारा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. उत्तर एका सभेत मिळेलच असं नाही, पण नोंद झालेला प्रश्न पुढच्या सभेपुढे पुन्हा ठेवता येतो.